‘समजावून सांगितलं’ म्हणजे नक्की काय केलं?

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नुकत्याच रुजू झालेल्या एका सहायक प्राध्यापिकेने विचारलं आहे: “माझ्या युनिटमधले इंटर्न आणि जेआर (ज्युनिअर रेसिडेंट) हुशार आहेत, पण ते जे सांगतात ते पेशंटला कळत नाही. कम्युनिकेशनची लेक्चरं झाली, रोल-प्ले झाले, परीक्षेत मार्कही मिळतात. वॉर्डात आले की पुन्हा जैसे थे. दीडशेची ओपीडी सांभाळून हे शिकवायचं कसं?”

लेक्चरं बंद करा असं मी म्हणणार नाही, पण सुरुवात तिथून नको. आधी केसपेपर बघा. तुमच्या वॉर्डातला कुठलाही जाडजूड केसपेपर उघडा. रात्री दोन-अडीचच्या नोटमध्ये एक ओळ सापडेल: ‘रिलेटिव्ह्ज एक्स्प्लेन्ड अबाउट कंडिशन अँड प्रोग्नोसिस’, म्हणजे प्रकृती कशी आहे आणि पुढे काय होऊ शकतं ते नातेवाइकांना समजावलं, आणि खाली सही किंवा अंगठा. मी स्वतः ती ओळ हजारदा लिहिली असेल. डॉक्टर बोलला, एवढंच त्या ओळीवरून कळतं. समोरच्यापर्यंत काय पोचलं याचा त्यात पत्ता नसतो.

म्हणून माझ्या युनिटमध्ये एक नियम आहे. नुसतं ‘एक्स्प्लेन्ड’ लिहायचं नाही. नातेवाइकाने किंवा पेशंटने आपलं बोलणं ऐकून उलट काय सांगितलं, ते त्याच्याच शब्दांत, देवनागरीत लिहायचं. ‘मुलगा म्हणतो: दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त साफ करावं लागणार, बंद केलं तर जिवाला धोका.’ इंग्रजी नोटच्या मधोमध मराठीची ही एक ओळ. पहिले दोन महिने सगळे कुरकुरले. वाद नको म्हणून मी एवढंच म्हणायचो की ही ओळ लिहिता येत नसेल तर सांगणं अजून संपलेलं नाही, परत जा.

कायद्याच्या बाजूनेही ही ओळ कामाची आहे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं की संमती खरी ठरायची तर पेशंटला पुरेशी माहिती आधी मिळालेली असायला हवी, आणि तपासणीसाठी दिलेल्या संमतीवर ऑपरेशन उरकता येत नाही. रेसिडेंटला हे सांगितलं की तो लगेच कान टवकारतो, कोर्टाची भीती मोठी असते. पण भीतीपोटी शिकलेला डॉक्टर जास्त कागद भरतो, जास्त बोलत नाही. तेव्हा ही गोष्ट एकदा सांगा आणि पुढे चला.

मला ही खोड कशी लागली ते सांगतो. एमडीच्या पहिल्या वर्षी एका गवंड्याला टीबीची औषधं सुरू केली. डोस चोख, वजनाप्रमाणे. सहा महिने सोडायची नाहीत हेही बजावून सांगितलं. रिफाम्पिसिनने लघवी लाल-नारंगी होते हे सांगायचं राहिलं. चौथ्या दिवशी त्याला वाटलं की औषधाने आतून रक्त जायला लागलं, आणि त्याने गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. तीन महिन्यांनी तो परत आला तेव्हा दुसरं फुप्फुसही धरलं होतं. केसपेपरवर माझ्याच अक्षरात ‘काउन्सेल्ड’ लिहिलेलं होतं. तो मला एक शब्दही वावगा बोलला नाही. “तुम्ही सांगितलं असतंत तर घेतल्या असत्या,” एवढंच.

आता तुमच्या प्रश्नाकडे. माझ्याकडे सगळ्यात जास्त उपयोग झाला तो बाकाचा. औषध खिडकीसमोर रांगेसाठी बाकं असतात. ओपीडीच्या दिवशी एका इंटर्नला तासभर तिथे बसवायचं, गळ्यात स्टेथोस्कोप न घालता. आपल्या खोलीतून बाहेर पडलेल्या पेशंटला त्याने तीनच गोष्टी विचारायच्या: काय झालंय म्हणाले डॉक्टर? या गोळ्या कशा घ्यायच्या? आणि काय झालं तर लगेच परत यायचं? मध्ये बोलायचं नाही, सुधारायचं नाही. जे उत्तर येईल ते जसंच्या तसं चिठ्ठीवर लिहायचं. मग ज्याचं चुकलंय त्याला तिथेच नीट सांगायचं, नाही जमलं तर आत परत आणायचं. हे शेवटचं विसरू नका. शिकवण्याच्या नादात चुकीची समजूत घेऊन कुणी एसटीत बसला तर काय उपयोग!

त्या चिठ्ठ्या दुपारी चहाच्या वेळी वाचायच्या. “रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणाले, म्हणजे काहीतरी खराब निघालं असणार.” “साखर नॉर्मल आली, आता गोळी बंद.” एका आजोबांनी १-०-१ हे ‘एकशे एक’ असं वाचलं होतं आणि इतक्या गोळ्या एका पाकिटात कशा मावतील याची त्यांना काळजी पडली होती. ‘गरज पडल्यास’ लिहिलेली दुखण्याची गोळी एक बाई सकाळ-संध्याकाळ नेमाने घेत होत्या, कारण डॉक्टरांनी दिली म्हणजे गरज असणारच. चिठ्ठी वाचली जात असताना ज्याने तो पेशंट पाहिला त्याच्या चेहऱ्याकडे बघा. मी काही बोलायची वेळ येत नाही. आपलंच वाक्य दहा मिनिटांत कुठल्या कुठे गेलं हे त्याला दिसतं. नाव घेऊन चिठ्ठी वाचायची नाही हे पथ्य मात्र पाळा. चूक ज्याची त्याला कळते, तेवढं पुरे.

दुसरी वस्तू म्हणजे शब्दांची वही. सरकारी कॉलेजात पदव्युत्तरच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्यामुळे युनिटमध्ये जयपूर, पाटणा, कोट्टायम असे सगळे असतात. त्यांच्यातल्या एकाने एका बाईंच्या केसपेपरवर ‘उष्माघात’ लिहून सलाईन चालू केलं होतं. बाई सांगत होत्या, “उन्हाळी लागलीय.” बिचाऱ्याने ‘उन्हाळा’ एवढाच शब्द ओळखला. लघवीला जळजळ होतेय हे कळायला सिस्टरांना यावं लागलं. त्या दिवशी वही सुरू झाली. अंगावरून वारं जाणं, अंगात कसर असणं, आव पडणं, ढाळ लागणं, अंगावर पांढरं जाणं, डोळ्यांपुढे अंधारी, खोकल्याची ढास, नागीण, फेफरं. नवा जेआर आला की तो ही वही वाचतो आणि महिन्याभरात त्यात आपले दहा शब्द घालतो.

पण परराज्यातली मुलं या बाबतीत लवकर सुधारतात, कारण आपल्याला कळलेलं नाही हे त्यांना कळतं. अडचण आपल्या पुण्या-नाशिकच्या मुलांची. ‘पित्त झालंय’ म्हटलं की ती पुढचं ऐकतच नाहीत, गोळी लिहून मोकळी. पित्त म्हणजे छातीतली जळजळ, पित्त म्हणजे कडू उलटी, पित्त म्हणजे अर्धं डोकं दुखणं आणि पित्त म्हणजे अंगावर उठलेल्या गांधीसुद्धा. एकदा तर पित्त म्हणून आलेल्या गृहस्थांचा ईसीजी सांगत होता की हार्ट ॲटॅक चालू आहे. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत एक प्रश्न आहे: ‘म्हणजे नक्की काय होतं?’ मराठी येणाऱ्यांसाठीच तो लिहिलाय.

आपल्याकडून जाणाऱ्या शब्दांचंही तेच. शुद्ध मराठीच्या हौसेपायी ‘यकृत’, ‘मूत्रपिंड’, ‘उच्च रक्तदाब’ बोलू नका. लोक लिव्हर, किडनी, बीपी म्हणतात, तेच बोला. मात्र ‘इन्फेक्शन’, ‘ब्लॉकेज’, ‘सूज’ हे शब्द सगळ्यांना येतात आणि प्रत्येकाच्या मनात त्यांचं चित्र वेगळं असतं. तिथे केसपेपरच्या मागे चित्र काढा. वाकडंतिकडं चालतं. आणि नंदुरबारच्या पावरी किंवा गडचिरोलीच्या माडिया बोलणाऱ्या माणसाशी आपली प्रमाण मराठी ही परभाषाच आहे. तिथे सोबतच्या शाळकरी पोराला दुभाषा करायची सवय मोडा. आईच्या अंगावरून जातं हे दहा वर्षांच्या मुलाने सांगायचं नसतं. आशाताई सोबत असतील तर उत्तम, नाहीतर वॉर्डातल्या एखाद्या मावशी-मामांना बोली येत असते.

‘समजलं का?’ हा प्रश्न मी युनिटमधून हद्दपार केला आहे. आपल्याकडे डॉक्टरला ‘नाही समजलं’ म्हणणं हा उद्धटपणा मानतात, त्यामुळे उत्तर कायम ‘हो’. त्याऐवजी असं विचारायला शिकवा: “आता घरी गेल्यावर सूनबाई विचारतील, काय म्हणाले डॉक्टर? काय सांगाल त्यांना?” किंवा “मी पटपट बोलतो, मी नीट सांगितलं का ते बघायचंय, एकदा तुमच्या शब्दांत सांगा.” परीक्षा पेशंटची नाही, आपली आहे, हे त्या वाक्यातून दिसायला हवं. “सांगा बघू काय सांगितलं मी?” असं मास्तरी सुरात विचारलंत तर म्हातारी माणसं अक्षरशः घाम पुसायला लागतात. मी पाहिलंय.

वेळेचं म्हणाल, तर तुमचा मुद्दा खोटा नाही. बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत मोजलं तेव्हा डॉक्टर पेशंटचं पहिलं बोलणं सरासरी १८ सेकंदांत तोडत होते. तिथे गर्दीही आपल्यासारखी नव्हती. उलट स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या २००२च्या अभ्यासात डॉक्टरांना गप्प बसायला सांगितलं, तर पेशंट सरासरी ९२ सेकंद बोलले आणि आपणहून थांबले. मी हे इंटर्नना सांगत बसत नाही. हातात घड्याळ देतो आणि म्हणतो, पुढचे पाच पेशंट ‘हं, बोला’ म्हणून सोडून दे, स्वतःहून थांबेपर्यंत तोंड उघडू नकोस. दीड-दोन मिनिटांच्या पुढे फारसं कुणी जात नाही. एखादे निवृत्त मास्तर जातात, ते चालायचंच.

तरीही दीडशे जणांना प्रत्येकी नीट समजावणं जमणार नाही, आणि जमेल असं मुलांना सांगितलंत तर ती तुमचं बाकीचंही ऐकणार नाहीत. निवड करा. ज्याला आज पहिल्यांदा आजाराचं नाव कळतंय, ज्याला आज इन्सुलिन, इन्हेलर किंवा रक्त पातळ करायची गोळी सुरू होतेय, आणि जो आज घरी चाललाय. एवढ्यांकडून उलट वदवून घ्यायचंच. दिवसाला दहा-बारा जण होतात. मधुमेहाच्या प्रत्येकाला एक जादा प्रश्न: “उपास कधी करता?” चतुर्थी, एकादशी, गुरुवार, श्रावणातले सोमवार. ‘जेवणाआधी एक गोळी’ असं आपण लिहितो, आणि त्या दिवशी जेवणच नसतं. काहीजण गोळी तेवढी घेतात आणि दुपारी घेरी येऊन कॅज्युअल्टीत पडतात. काहीजण गोळी सोडतात आणि दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी खातात. पुस्तकात हे वाक्य मिळणार नाही, ते आपल्यालाच घालावं लागतं.

सहानुभूतीबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. एटकॉमचं, म्हणजे वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवण्याचं, पुस्तक मेडिकल कौन्सिलने २०१८ मध्ये काढलं आणि २०१९च्या बॅचपासून ते अभ्यासक्रमात आलं, हे चांगलंच झालं. आमच्या वेळी या विषयाला नावसुद्धा नव्हतं. पण चेकलिस्टवर ‘सहानुभूती व्यक्त केली: १ मार्क’ असं आलं की मुलं इंग्रजी वाक्याचा तर्जुमा पाठ करतात: “मी तुमच्या भावना समजू शकतो.” डब केलेल्या जाहिरातीसारखं वाटतं ते. आपल्या घरात दुखणेकऱ्याशी असं कुणी बोलतं का? “फार सोसलंत हो,” “रात्री झोप लागते का?”, “सोबत कोण आहे, जेवलात का?” ही आपली सहानुभूती. काही वेळा तर नुसतं स्टूल ओढून बसणं पुरतं.

आणि रागावणं. “इतके दिवस अंगावर काढलंत? आधी का नाही आलात?” हे वाक्य आमच्या सगळ्यांच्या तोंडात बसलेलं आहे, कळकळीपोटीच येतं, पण ते ऐकलं की माणूस पुढचं खरं सांगायचं बंद करतो. मी त्याजागी “इथपर्यंत यायला कसं जमलं?” असं विचारायला लावतो. मग कळतं की ऊसतोडीचा हंगाम होता, मुकादमाची उचल फेडायची होती, तालुक्याहून एकच गाडी होती. हे कळल्यावर फॉलो-अपची तारीख कुठली द्यायची तेही कळतं. ‘तुम्ही’ म्हणणं सक्तीचं. मळके कपडे दिसले की ‘ए बाबा, इकडे ये’ होतं, ते खपवून घेऊ नका.

मृत्यू सांगणं हे सगळ्यात अवघड, आणि आपण ते सगळ्यात कनिष्ठ माणसावर टाकतो, तेही पहाटे चारला. आमच्या एका जेआरचा प्रसंग. वॉर्डाबाहेर आठ-दहा नातेवाईक उभे. तो घाबरत म्हणाला, “त्यांचं हार्ट बंद पडलंय.” मोठा मुलगा म्हणाला, “मग चालू करा ना!” हा म्हणाला, “आम्ही पूर्ण प्रयत्न केले.” “अजून करा, पैशाचं बघतो आम्ही.” असं पाच मिनिटं चाललं. ‘एक्स्पायर’ हा शब्द शेवटी आतून सिस्टरांनी उच्चारला आणि मग जो गोंधळ उडाला तो उडाला. ‘गेले’ हा साधा शब्द त्याच्या तोंडून फुटत नव्हता.

बेल, बकमन वगैरेंनी २००० मध्ये मांडलेली स्पाइक्स ही सहा पायऱ्यांची पद्धत तुम्हाला माहीत असेलच, ती वाईट बातमीसाठी ठीक आहे. आमच्या कामाला तिच्यातल्या तीनच गोष्टी घट्ट धरल्या आहेत. बाजूला घेऊन बसायचं, घरातले दोघेतिघेच आत. आधी एक इशारा: “वाईट बातमी आहे, मन घट्ट करा.” मग नावानिशी, एका वाक्यात: “तुमचे वडील गेले.” आणि त्यानंतर तोंड बंद. हे बंद ठेवणं शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण शांतता सहन न होऊन मुलं लगेच क्रिएटिनिन आणि व्हेंटिलेटरच्या सेटिंगवर घसरतात.

याची तालीम मी वॉर्डातल्या मावशींबरोबर करून घेतो. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत खोटा पेशंट उभा करून शिकवायची पद्धत सुरू केली, तिला आता ‘सिम्युलेटेड पेशंट’ म्हणून मोठं तंत्र आलंय. आपल्याला महागडी लॅब नको. तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या मावशींनी शेकडो बायकांना तो क्षण झेलताना पाहिलेलं असतं. त्या समोर बसून “अहो, पण संध्याकाळी तर चहा पिले ते,” म्हणाल्या की जेआरला खोटं वाटत नाही. तालमीनंतर आधी जेआरने बोलायचं, मग मावशींनी, मी शेवटी. मावशींची टिप्पणी सहसा एकाच वाक्याची असते. “डॉक्टर, तुम्ही माझ्याकडं बघितलंच नाही.”

इथे एक मात्र स्पष्ट सांगतो. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, त्याचे बोर्ड भिंतीवर असतात, आणि तरी मार खातो तो रेसिडेंट. ‘तुम्ही नीट बोलला नाहीत म्हणून झालं’ असं त्याला कुणी म्हणत असेल तर त्याच्या बाजूने उभे राहा. बेड नाही, औषध बाहेरून आणायला लावलंय, छत्तीस तास झोप नाही, हे सगळं गोड बोलून भरून निघत नाही. एवढं मात्र करता येतं की पहाटेची बातमी ही पहिली बातमी नसावी. संध्याकाळच्या राऊंडनंतर ‘आज कालच्यापेक्षा वाईट आहे’ हे तुम्ही स्वतः, वरिष्ठाने, जाऊन सांगा. त्या वेळी जेआर शेजारी उभा असू दे.

राऊंडचा विषय निघालाच आहे तर. आपण पेशंटच्या डोक्याशी उभे राहून ‘मायटॉटिक लीजन’ (कॅन्सर), ‘कॉख्स’ (टीबी) असे सांकेतिक शब्द बोलतो, माना हलवतो आणि पुढच्या बेडकडे जातो. मागे पेशंट सफाईवाल्या मामांना विचारतो, “काय म्हणाले हो मोठे डॉक्टर?” आणि मामा आपल्या परीने सांगतात. म्हणून आमच्याकडे एक जण ‘मागे थांबणारा’ असतो. राऊंड पुढे गेला की तो त्या बेडपाशी मिनिटभर थांबून आत्ता काय ठरलं ते सांगतो. पाळी रोज बदलते. कॅन्सरच्या बाबतीत घरचे आधीच गाठतात, “त्यांना सांगू नका.” तेव्हा मागे थांबणाऱ्याने स्वतः काही ठरवायचं नाही. पेशंटलाच विचारायचं: “तपासणीचं सगळं तुम्हाला सांगू, की घरातल्या कुणाशी बोलू?” काही जण खरंच म्हणतात, मुलाशी बोला. बरेच जण म्हणतात, मला सांगा, पण पोरांना सांगू नका मला कळलंय ते. मग दोन्हीकडची गुपितं सांभाळत बसावं लागतं. याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

सुरुवात कुठून करायची, तर बाकापासून, आणि पहिल्या दिवशी इंटर्नला तुमच्याच पेशंटमागे पाठवा, जेआरच्या नव्हे. मी असंच केलं होतं. सात जणांना पाहिलं होतं मी त्या सकाळी, वीसेक वर्षांच्या अनुभवानिशी, सावकाश बोलून. त्यांतल्या तिघांना नीट सांगता आलं. इंटर्न मुलगी चिठ्ठी देईना. “सर, तुमचे पेशंट जरा गडबडीत होते,” म्हणाली. चहा संपल्यावर मी दुसऱ्यांदा मागितली, तेव्हा कुठे तिने खिशातून काढली.